उमेळ्याच्या विहिरीचं पाणी

बाबा, आज टँकर आला नाही. मागच्या दारी केळीची वाडी होती तिथे आता चार मजली इमारत आहे. तुमच्या पंपाचा चौथरा मात्र शिल्लक आहे. त्यावर मी कपडे घासते, पण बसायचा धीर अजून होत नाही.

माणिकपूरला तुमचं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याखाली मांडलेला पसारा! ट्रकच्या ट्यूबचं रबर आणि आईच्या डब्यांची पितळी झाकणं यांतून तुम्ही असा फूटवॉल, पाइपाच्या बुडाची झडप, बनवलात, की पाइपातलं पाणी माघारी जाईना. सगळा गाव तुमच्या मागे लागला. आई तेवढी वैतागायची, तिचं एक झाकण जागेवर राहत नसे. पण पंप बसवला की तुम्ही लगेच निघत नव्हता. दोन तास चालवून पाणी चाखायचं. विहीर फार उपसली की खाडी आत शिरते, हे तुम्ही आपल्या आपण ओळखलं होतं. खारट लागलं तर पंप उतरवायचा. नळी तोंडाने ओढून डिझेल काढता काढता तुमची जीभ मेलेली, म्हणून चाखायला मी. मालकाला विचारत नव्हता. "तो गोडच बोलंल," म्हणायचात.

उमेळ्यातल्या या घरच्या विहिरीची पाळी आली तेव्हा माझं लग्न इथेच ठरलं होतं. हुंडा नको, पंप बसवून द्या, एवढंच यांचं मागणं, आणि तुम्ही शब्द दिलेला. होणाऱ्या सासूबाई ओट्यावरून बघताहेत. मी पंपाखाली ओंजळ धरते, पिते. खारट. फार नाही, भातात टाकतो तेवढं मीठ. "बाय, पानी कसा हाय?" तुम्ही विचारता. खरं बोलले तर तुम्ही आत्ता पाने-पक्कड काढून पंप उतरवणार, आणि माझं लग्न त्या पंपाबरोबर सायकलवर परत जाणार. "गोड हाय," मी म्हणते.

माझ्या शब्दावर तुम्ही शेजारच्या वाड्यांतही पंप बसवलेत. तीन वर्षांत खाऱ्या पाण्याने सगळ्यांची केळी करपली. सासऱ्यांनी तुम्हाला बोल लावला नाही, ते तुम्हाला जास्तच लागलं. दुकानातले सगळे वॉल तुम्ही हातोडीने ठेचलेत. एवढं डोकं असलेला माणूस पुढची कितीतरी वर्षं, अगदी म्हातारा होईपर्यंत, नुसत्या स्टोव्हच्या पिना विकत बसला. इथे आलात की विहिरीच्या काठावर बसायचात. "पान्यानं मना सांगतला नाय, बाय," दर वेळी तेच. मी चहा टाकायला आत पळायची. चीड येते मला माझी.

पाण्याने सांगितलं होतं, बाबा. त्याच दिवशी, मला.

हे तुमच्या फोटोसमोर वाचायचं ठरवलं होतं, तेही होणार नाही. आत्ताच हे डोकावून गेले, काय लिहितेस म्हणून. वाण्याची यादी, म्हटलं. खोटं मला अजून तितक्याच पटकन सुचतं.