अण्णांचं इंग्रजी खेडं

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आता शहाऐंशीचा जानेवारी चालू आहे, मी अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये आहे आणि खिडकीबाहेर सलग चौथा दिवस बर्फ पडतोय.

लोकरीच्या गिरणीत शिकायला म्हणून तुम्ही दोन वर्षं त्या इंग्रजी खेड्यात राहिलात आणि पुढे आमचं सगळं बालपण त्या खेड्यानं भरून टाकलंत. जेवताना सांगायचात: आठशे वर्षांचं चर्च, त्याच्या फरशीवरची मेलेल्यांची नावं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी पुसली गेलेली. जमीनदारांनी गायरानाला कुंपण घातलं तेव्हा शेतकरी विणकर झाले, गिरणी आली तेव्हा विणकरांचे मजूर झाले. चौकातल्या दगडावर महायुद्धात गेलेल्यांची नावं, त्यात एकाच घरातले तिघं भाऊ. "माणसं अबोल, पण मनानं फार प्रेमळ," हे शेवटी ठरलेलं. सोळाव्या वर्षी मी तोडून बोलले, "पुरे ते साहेबाचं कौतुक!" तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात. पुन्हा त्या खेड्याचा विषय काढला नाहीत.

गेल्या महिन्यात मला काय वाटलं कोण जाणे, मी तिथल्या चर्चच्या पत्त्यावर पत्र टाकलं. काल उत्तर आलं, तुमच्या घरमालकिणीच्या मुलीचं. ती लिहिते, 'तुमचे वडील आमच्या माडीवर राहायचे. पहिलं वर्षभर त्यांच्याशी गावात कुणी धड बोललं नाही. रविवारी ते तासन्‌तास पुलावर उभे असत. आईनं विचारलं, थंडी वाजत नाही का? म्हणाले, वाजते, पण इथून माणसं तरी दिसतात.'

मी ओट्याशी उभी राहून ते पुन्हा पुन्हा वाचत होते. मुलगी शाळेतून आली. "व्हॉट हॅपन्ड, आई?"

"आजोबांच्या गावाहून पत्र आलंय."

"बट आजोबा वॉज फ्रॉम इचलकरंजी, राइट?"

मी पत्राची घडी घालून ते पाकिटात ठेवलं.

तुम्ही ताटावरून उठलात त्या दिवशी मी तुम्हाला एवढंच विचारायला हवं होतं, की अण्णा, तिथे तुम्हाला कसं वाटायचं? हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून खरं लिहिते. आईला मी दर पंधरवड्याला कळवते, की शेजारीण अगदी बहिणीसारखी आहे, परवाच केक घेऊन आली होती. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही.