ढेकीघर, विहीर आणि खोटी साक्ष

मी रुखमाबाई, मयत रामाजी तलमले यांची विधवा, वय अंदाजे त्रेपन्न, जात कुणबी, धंदा शेती, राहणार मौजा कोसमटोला, तहसील ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी शिकवलेले नाही, कोणी धमकावलेले नाही. मी होळीच्या पुढे जगेन असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. पण गाठ माझ्या पोटात आहे, डोक्यात नाही. माझे दीर भैयाजी तलमले, गावचे पाटील, उद्या कोर्टात म्हणतील की वयनीला भ्रम झाला होता. म्हणून हे सगळ्यात वर लिहिले.

नवरा गेल्यावर वाटणीत मला पाटलांच्या गल्लीतले तीन खणांचे घर, मागचे ढेकीघर, साडेतीन एकर धानाची बांधी आणि सामाईक अंगणातल्या विहिरीचा अर्धा हक्क मिळाला. तेव्हा ते फक्त जिवंत असेपर्यंत होते. सन १९५६ च्या नव्या कायद्याने ते माझ्या पूर्ण मालकीचे झाले. तो कायदा मी वर्तमानपत्रात वाचला. एकदा वाचून विश्वास बसला नाही म्हणून तीनदा वाचला, मग ब्रह्मपुरीला जाऊन वकिलाला विचारून आले. भैयाजी अजून समजतात की मी मेले की सगळे त्यांच्याकडे परत जाईल. मीही त्यांना तसे समजू दिले.

मला वाचता कसे आले हे सांगितल्याशिवाय पुढची कलमे कोणाला कळायची नाहीत.

माझ्या ढेकीवर, पायाने लाकूड दाबून, धान कांडायला बुधरी यायची. बुधरी जंगू कुमरे, गावाबाहेरच्या टोल्यावरची गोंडाची बाई, माझी बांधीही तीच करते. कांडलेल्या धानातला कोंडा पाखडायला महारवाड्यातली धुरपता यायची. धुरपता मुखरू जनबंधू. ती चौथी पास होती. शाळेच्या व्हरांड्यात वेगळी बसून पास झाली. ढेकीघरातही ती उंबऱ्याबाहेरच बसायची आणि मी तिला आत ये असे कधी म्हटले नव्हते. दुकानातून किराणा बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद दिसला की ती तो सरळ करून मोठ्याने वाचायची. पुढे ती नागभीडहून जुने अंक आणि लहान पुस्तके आणू लागली. ढेकीच्या आवाजात गल्लीला काही ऐकू जात नसे. जाती कोणी केल्या, बाईच्या नावाने जमीन का नसते, एकाच चिखलात उभ्या राहिलेल्या बाईला पुरुषापेक्षा कमी धान का, असले सगळे त्यात असायचे. मला अक्षरे तिनेच शिकवली, कोंड्यावर बोटाने काढून. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते.

एक दिवस धुरपता अस्पृश्यतेवरचा लेख वाचत होती. माणसाने माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवणे आता गुन्हा ठरावा, असे त्यात होते. बुधरीने ढेकीवरचा पाय काढला. ढेकी थांबली. बुधरी तिला म्हणाली, "मंग तू भाईर काऊन बसली?"

धुरपताने कागदाची घडी घातली. माझ्याकडे पाहिले नाही. उत्तर माझ्याकडे होते आणि ते दोघींना माहीत होते. मग बुधरीच मला म्हणाली, "जराक सरका ना, बाई." मी सरकले. धुरपता आत येऊन बसली. मोठे काम केले असे मला त्या दिवशी वाटले होते. आज त्याची लाज वाटते.

सन १९५१ च्या धानाच्या रोवण्याला भैयाजींच्या बांधीवरच्या बाया चिखलात उतरल्या नाहीत. गड्याइतके धान द्या, मगच रोवू, असे म्हणून तीन दिवस शेताच्या धुऱ्यावर बसल्या. पऱ्ह्यातली रोपे पिवळी पडायला लागली तेव्हा भैयाजींनी कबूल केले. हे बायांच्या डोक्यात कोणी घातले ते त्यांनी चार दिवसांत शोधून काढले.

पण त्यांनी हिवाळ्यापर्यंत वाट पाहिली. मळणी झाल्यावर त्यांनी फिर्याद दिली की कोठीतले लुचई धानाचे बियाण्याचे पोते धुरपताने नेले. पोते कोणाला सापडले नाही. सापडणार कसे, ते कोठीतून हललेच नव्हते. साक्षीदार हवा होता. माझ्या वच्छलेचे लग्न फाल्गुनात ठरले होते. भैयाजी जातीतले दोन जुने लोक घेऊन माझ्या ओसरीवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "महारणीले ढेकीघरात घेतलं ते आमी पोटात ठेवतो, वयनी. तुमी साक्ष द्या. नाई त वच्छलाचं लगीन मोडलं समजा."

मी साक्ष दिली. ब्रह्मपुरीच्या कोर्टात, देवाची शपथ घेऊन, मी सांगितले की धुरपताला डोक्यावर पोते नेताना मी पाहिले. ती समोर उभी होती. तिला तीन महिन्यांची कैद झाली. ती चांद्याच्या तुरुंगात असताना तिची आई गुणाबाई वारली. चार दिवस तापात पडली होती. महारवाड्यातून माणूस मागायला आला की लेकीला निरोप तरी पाठवा. पाटलांनी पाठवला नाही आणि मीही पाठवला नाही, कारण घरात हळदीचा मांडव होता.

त्याच पोत्यातले बियाणे पुढच्या पावसाळ्यात भैयाजींनी स्वतःच्या बांधीत टाकले. ते मी डोळ्यांनी पाहिले. हे मात्र मी कोणाला सांगितले नाही. एकदा भैयाजींना म्हटले की मी कोर्टात खरे सांगते. ते म्हणाले की खोट्या साक्षीबद्दल आधी मीच आत जाईन. एवढ्यावर मी सहा वर्षे गप्प बसले. आता लिहिते.

कलम पहिले. माझे पाटलांच्या गल्लीतले घर आणि अंगणातल्या विहिरीचा अर्धा हक्क मी धुरपता मुखरू जनबंधू, हल्ली राहणार नागभीड, हिला पूर्ण मालकीने देते. भैयाजींच्या आणि माझ्या घराची भिंत एक आहे, अंगण एक आहे, विहीर एक आहे. त्याच विहिरीचे पाणी त्यांच्या देवघरात जाते आणि धुरपताचा दोर त्याच विहिरीत पडेल. विहीर वाटून घेण्याचा किंवा मध्ये भिंत घालण्याचा हक्क वाटणीच्या कागदात कोणालाच नाही. तो कागद भैयाजींनीच लिहून घेतला होता, मला वाचता येत नव्हते तेव्हा. विहीर त्यांच्याच ताब्यात राहावी म्हणून ते वाक्य त्यांनी आग्रहाने घातले.

कलम दुसरे. ढेकीघर आणि साडेतीन एकर बांधी बुधरी जंगू कुमरे हिला. पंधरा वर्षे ती माझ्या बांधीत राबली. ढेकीघरात वाचन पुन्हा सुरू करावे. आता ढेकीच्या आवाजाची गरज नाही. ढेकी थांबवून, दार उघडे ठेवून वाचावे.

कलम तिसरे. मुलगी वच्छला हिला तांब्यापितळेची भांडी आणि माझी लुगडी. वच्छला, तू रडशील आणि काकाकडे जाशील हे मला ठाऊक आहे. तुझे लग्न धुरपताच्या तीन महिन्यांवर आणि गुणाबाईच्या चार दिवसांवर लागले. आईकडून तुला मिळायचे ते तेव्हाच मिळाले. त्यात तुझा दोष नाही. पण हे कळल्यावर माझ्या निर्णयाविरुद्ध कोर्टात गेलीस तर तो दोष तुझा राहील. तुझ्या लेकीला वाचता येऊ लागले की हा कागद तिच्या हाती दे.

कलम चौथे. भैयाजी तलमले यांना काहीही नाही. त्यांनी माझ्या तिरडीला खांदा देऊ नये, अग्नी देऊ नये, दहाव्याला पिंड ठेवू नये. कावळा शिवला नाही तर नाही शिवला. टोल्यावरच्या लोकांनी त्यांच्या रीतीने मला पुरले तरी चालेल; बुधरीने हो म्हटले आहे.

कलम पाचवे. माझी साक्ष खोटी होती, असे प्रतिज्ञापत्र मी ब्रह्मपुरीला दाखल केले आहे. त्याबद्दल मला जिवंतपणी शिक्षा झाली तर मी ती भोगीन. तेराव्या दिवशी जातीचे लोक जमतील. ओसरीवर बसलेले ते दोन म्हातारेही येतील, दोघेही जिवंत आहेत. त्या दिवशी पंगत बसण्याआधी चावडीवर ते प्रतिज्ञापत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. भैयाजी उठून गेले तर पुन्हा त्यांच्या दारात जाऊन वाचावे. या कामासाठी आणि या सगळ्या मृत्युपत्राच्या अंमलासाठी मी नागभीडचे लच्छू झिंगू सहारे यांना नेमते. ते रेल्वेत सांधेवाले आहेत, आवाज मोठा आहे आणि पाटलांच्या बांधीत त्यांचे कोणी राबत नाही.

कलम सहावे आणि शेवटचे. परवा मी बुधरीला घेऊन नागभीडला गेले आणि वरची पाचही कलमे धुरपताला वाचून दाखवली. ती दुपारच्या उन्हात अंगणात बिड्या वळत बसली होती. दोन वर्षांमागे तिने चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आहे. तिने मला बसायला पोते दिले, पाणी दिले. वाचत असताना तिचे हात थांबले नाहीत. दोन ठिकाणी माझा उच्चार चुकला तो तिने दुरुस्त केला. गुणाबाईचे नाव आले तेव्हा मात्र पानाची सुपली तिने मांडीवरून खाली ठेवली.

मी तिच्या पायाशी वाकले. तिने पाय आखडून घेतले. पूर्वी ती मला 'तुमी' म्हणत असे.

ती म्हणाली, "घर घेतो मी. विहीर बी घेतो. माफी नाई देत."

मी तिला विचारले, की हे मी मृत्युपत्रात लिहू का.

"लिव," ती म्हणाली. "नाई त लोक म्हणतीन का रुखमानं घर देऊन फेडलं."

म्हणून लिहिले. फिटलेले नाही.

हा कागद मी दोन्ही साक्षीदारांसमोर आधी वाचला, मग सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही : रुखमाबाई रामाजी तलमले

साक्षीदार :
१. लच्छू झिंगू सहारे, सांधेवाला, राहणार नागभीड
२. कलाबाई लटारू निकुरे, सुईण, राहणार नागभीड

मुक्काम नागभीड, तारीख ३० नोव्हेंबर १९५८