सासूबाईंचा गोड आवाज

४ मार्च
पोलाइट, कर्टियस, सिव्हिल, कॉर्डियल, एमिएबल. मुलांच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात या सगळ्यांपुढे 'नम्र, सौजन्यशील' लिहून मी मोकळी झाले होते. संपादकांनी पानं परत पाठवली. पोरांना फरक कळला पाहिजे म्हणे. बसा आता गोड माणसांची चिरफाड करत!

माझ्या काखेतल्या गाठीचा रिपोर्ट आज यायचा होता. नवरा एकटाच डॉक्टरांना भेटून आला. "साधी गाठ आहे गं. पुढच्या महिन्यात काढून टाकू." चपला काढताना माझ्याकडे बघितलं नाही त्याने. दमला असेल.

६ मार्च
सिव्हिल – भांडण होऊ नये इतपत बरं वागणं. हे आम्हा सासू-सुनेचं, तेही चांगल्या दिवशी.

आज दूध उतू गेलं. शेगडी, ओटा, पार फरशीपर्यंत. आता तोफखाना सुरू होणार म्हणून मी मान खाली घालून उभी. सासूबाई आल्या, फडकं घेतलं आणि म्हणाल्या, "राहू दे. तू बस, मी पुसते."

मी बसलेच नाही, दुसरं फडकं घेऊन फरशी पुसायला लागले.

७ मार्च
बस म्हणाल्या. मला!

९ मार्च
कॉर्डियल – आपुलकीचं, पण अंतर राखून. पाहुण्यांशी असतं तसं. एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. या घरात मला पाहुणी केलंय सगळ्यांनी. नवरा माझं ताट उचलतो. नणंद एरवी काम असल्याशिवाय फोन करत नाही, तिने आज नुसती चौकशी केली आणि मध्येच तिचा आवाज बसला. सर्दी म्हणे.

नवऱ्याला सरळ विचारलं, डॉक्टर खरं काय म्हणाले? तो हसला. जरा जास्तच वेळ हसत राहिला.

आंघोळीला गेले की गाठ चाचपते. ती मोठी झालीये की माझा हातच घाबरलाय, कळत नाही. भीती वाटते. फार भीती वाटते.

११ मार्च
नवऱ्यापुढे आज बांध फुटला. म्हटलं, आई अशा गोड बोलायला लागल्या की माझा अर्धा जीव जातो. घास उतरत नाही. त्या खेकसल्या की वाटतं, चला, सगळं ठीक आहे. तो ऐकत राहिला.

१२ मार्च
सासूबाई कडाडल्या! पहिल्याच घासाला – "एवढं मीठ? जीभ आहे की लाकूड? इतकी वर्षं झाली, हाताला वळण म्हणून नाही!" मग माझ्या माहेराचा यथासांग उद्धार.

मोरीत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. जीव भांड्यात पडला. पोटभर जेवले, दुपारी गाढ झोपले. उठून एमिएबलचा अर्थ एका दमात लिहिला – मुळात गोड स्वभावाचा. आमच्याकडे असलं कोणी नाही. नाही तेच बरं!

१३ मार्च
दुपारी पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघराच्या दाराशीच पाय थबकले. आत नवरा हळू आवाजात सांगत होता, "कालच्यासारखंच बोल, आई. किती दिवसांनी जेवली ती."

सासूबाई रडत होत्या. "मीठ बरोबर होतं रे तिचं. रोज खोट कुठून काढू?"

पाय न वाजवता परत आले. संध्याकाळी भाजीत मुद्दाम मीठ जास्त घातलं.