पाण्याखाली पेटलेला दिवा

३ ऑक्टोबर
आजपासून आमचं घर पाण्यावर! भाट्याच्या खाडीत आमची ‘उमैमा’ नांगरून उभी आहे. उजव्या हाताला राजिवड्याचा धक्का, डाव्या हाताला खाडीचं तोंड आणि पुढे नुसता समुद्र. होडीला नातीचं नाव द्यायचं हा हारुनचा हट्ट. जन्मभर त्यांनी लोकांच्या जहाजांची इंजिनं सांभाळली. आता डावं अंग लुळं पडल्यावर स्वतःच्या होडीत राहायचं म्हणतात. मुलगा दुबईहून फोनवर ओरडला. मी गुपचूप बॅग भरली.

झुबेर मेकॅनिकने चार माणसं आणली. एकेकाने खुर्चीचा एकेक पाय धरला आणि हारुनना तसंच वर चढवलं. हे खुर्चीतून नवाबासारखे सलाम करत म्हणाले, जिवंतपणी चौघांच्या खांद्यावर बसायला नशीब लागतं. मी चापट मारली. झुबेर म्हणाला, उतरवायलाही चौघे लागतील चाची, बिर्याणी तयार ठेवा.

संध्याकाळी डोलकाठीवरचा पांढरा दिवा लागला. लहानपणी कॉन्व्हेंटच्या खिडकीतून चॅपेलचा दिवा असाच दिसायचा. तो दिसला की झोप यायची.

६ ऑक्टोबर
आज माझी शाळा होती. होडी जुनी, तळातून थोडं पाणी झिरपतं. पंप ते बाहेर फेकतो, आणि पंप चालतो बॅटरीवर. बॅटरी नाही तर पंप नाही, पंप नाही तर होडी नाही. सिस्टर अ‍ॅग्नेस पाढे म्हणवून घ्यायच्या तसं हारुननी हे माझ्याकडून म्हणवून घेतलं.

गाडीची बॅटरी एक जोरदार धक्का देते आणि दमते. आपल्याला हवी जाड पत्र्यांची, सावकाश, तासन्‌तास देत राहणारी. निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही. टोकांना व्हॅसलीन, आत फक्त डिस्टिल्ड पाणी. आणि जुनी-नवी एकत्र जोडायची नाही, जुनी नवीला खाते.

हा नियम सांगून दुपारी त्यांनीच मोडला! दोन हव्या होत्या, दुकानात एकच मिळाली. दुसरी झुबेरने आणली. गेल्या वर्षी आरे-वारेसमोर बुडालेल्या लाँचवरची. लाँच बऱ्याच दिवसांनी वर काढली तेव्हा काठीवरचा दिवा पाण्याखाली पेटलेलाच होता म्हणे. अशी चीज दुकानात मिळत नाय चाचा, म्हणाला. हारुन हसले. मीटर लावला, तर नवीपेक्षा सरस. तिला थोपटून म्हणाले, बेगमसारखी आहे. जुनी, पण दम बघ.

११ ऑक्टोबर
बॅटऱ्यांची झाकणं उघडली. नवी तहानलेली होती, तिला पाणी दिलं. जुनी मात्र काठोकाठ भरलेली.

आणि तो वास! शनिवारी आम्ही मुली स्कर्ट खोचून कॉन्व्हेंटचा कॉरिडॉर ब्लीचिंग पावडरने घासायचो, अगदी तोच. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, खोकलाही आला. मला वाटलं, आठवणींमुळे.

चहाच्या वेळी हारुनना सांगितलं तर त्यांच्या हातातली बशी कलंडली. तो विषारी वायू आहे, म्हणाले. बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं की होतो. पण बॅटरीची पेटी कोरडी, झाकणं घट्ट. पाणी शिरलं कुठून? झुबेरने जुनी रिकामी केली, धुतली, नवं अ‍ॅसिड भरलं.

१५ ऑक्टोबर
पुन्हा काठोकाठ. पुन्हा तो शनिवारचा वास.

नवी बॅटरी मेली. हारुनचाच नियम खरा ठरला. झुबेरने दुसरी कोल्हापुराहून मागवली आहे. तोवर आमचा पंप त्या बुडालेलीच्या जिवावर.

शिवाय डोलकाठीवरचा दिवा बंदच होत नाही. झुबेर म्हणतो, खाऱ्या हवेने बटण कुजलं असेल. त्याची बायको उझमा मासळी घेऊन आली होती. ती दिव्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, त्या लाँचवर चौघे होते चाची. कुणीच सापडले नाहीत. त्यांच्या घरी अजून दाराशी दिवा ठेवतात. अंधारात घर चुकू नये म्हणून.

१८ ऑक्टोबर
सकाळी होडीच्या काठावर ओल्या हातांचे ठसे. डाव्या बाजूला, समुद्राच्या अंगाला. ऊन चढलं तरी वाळले नाहीत. मी पदराने पुसले. पदर खारट झाला.

जाऊ या म्हटलं. दिव्याला भिऊन घर सोडायचं का, असं हारुन म्हणाले. पण माझा हात त्यांनी सोडला नाही.

२१ ऑक्टोबर
आज आणखी ठसे. वर, खिडकीपर्यंत.

ओहोटीला डावीकडे पाण्यात माणसं उभी दिसली. फक्त डोकी. तोंडं आमच्या दिव्याकडे. मी बॅटरीची तार काढली. दिवा विझला. डोकी दिसेनाशी झाली.

पण पंपही थांबला. तळात पाणी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. हारुनना मी एकटी कशी उचलू?

तार परत जोडली. पंप चालू झाला. दिवाही.

डोकी जवळ आली होती.

२३ ऑक्टोबर
बंदरावर वादळाचा बावटा. खाडीतल्या होड्या निघून गेल्या. आता हारुनच म्हणतात, उतरू या. धक्क्यावरून एकट्याने येऊन भागायचं नाही, खुर्चीला चौघे हवेत.

फोन लागेना. शेवटी झुबेरचा निरोप आला: चाची, भिऊ नका. उजाडताच चार माणसं पाठवतो.

उजाडताच. फक्त तेवढंच—

२४ ऑक्टोबर, पहाट
पाऊस. धक्का दिसत नाही. दिवा मात्र लख्ख.

होडी कलली. माणसं चढली. चार! अल्लाचे उपकार. झुबेरने शब्द पाळला.

त्यांचं होडकं कुठे बांधलंय ते बघितलं.

होडकं नाही.

डावीकडून चढले ते. कुणी बोलत नाही. आणि शनिवारचा वास, सगळीकडे—

तार ओढून काढली. पंप थांबला.

दिवा विझत नाही.

एकेकाने खुर्चीचा एकेक पाय धरला. हारुन हसताहेत, सलाम करताहेत. म्हणतात, चल बेगम, न्यायला आले बघ—

मी ओरडते आहे. हे झुबेरचे नाहीत. हारुन, ह्यांच्या हातांकडे बघा—

खुर्ची उचलली. धक्का उजवीकडे आहे. ते डावी