'सँडपायपर'ची सोय आणि दोन खुर्च्या

मी, विनिफ्रेड हॅगर्ट, वय बहात्तर, राहणार रोसो सरोवराचा उत्तर काठ, मस्कोका, ऑन्टॅरिओ. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवते :

१. राहते घर व बाबांचे रंधे-पटाशा माझी भाची आयोना हिला. स्वयंपाकघराची खिडकी शिवी दिल्याशिवाय उघडत नाही.

२. होडीघरातली 'सँडपायपर' ही महोगनीची मोटरबोट बाबांनी माझ्या जन्माच्या हिवाळ्यात बांधली. प्रत्येक पितळी स्क्रूवर लाकडाचे बूच, आणि प्रत्येक बुचाची रेषा फळीच्या रेषेशी जुळलेली. बाबा म्हणत, "पाहुणे वार्निश बघतात, विनी. सरोवर बुचं बघतं." त्यांच्या हाताला वार्निशचा वास असायचा. तो मला अजून येतो.

हिवाळ्यात फळ्या सुकून फटी पडतात. वसंतात बोट पट्ट्यांवर टांगून पाण्यात उतरवायची आणि गळू द्यायची. पंप चालू ठेवून शेजारी बसायचे. लाकूड पाणी पिऊन फुगते, फटी आपोआप मिटतात. बाबा गेले त्या वसंतात माझा धाकटा भाऊ लॉर्न याला धीर धरवेना. त्याने सुक्या फटींत भेगा बुजवायची कडक लांबी ठासली.

"अरे, तिला फुगायला जागा ठेव!"

"बाबांची बोट डोळ्यांदेखत बुडू देऊ? तुला बघवेल, मला नाही!" आणि तो ढसाढसा रडला.

फळ्या फुगल्या, जागा नव्हती, बोटीच्या सांगाड्याच्या तीन बरगड्या मोडल्या. त्या मी बदलल्या. आमचे बोलणे तेव्हापासून बंद आहे.

३. शहरातल्या संग्रहालयाला बोट देऊ नये. त्यांच्या उबदार दालनात ती तडकेल.

४. बोट लॉर्नला. होय, लॉर्नलाच. आयोना, डोळे मोठे करू नकोस, तुझाच बाप आहे. तिच्यासाठी रडणारा माझ्याशिवाय तो एकटाच. अट एकच : लांबीचा डबा घरी ठेवावा आणि ती गळत असताना शेजारी बसावे. पंपाजवळ मी दर वसंतात दोन खुर्च्या मांडत आले आहे. डावीकडची त्याची.

साक्षीदार मर्ल पोग हा लॉर्नचा शेजारी. वाचून म्हणाला, "अगं, जिवंतपणीच सांग की त्याला!" मी म्हटले, "तू आधी सही कर." सरोवरावरचे बर्फ वितळताच बोट पाण्यात सोडणार आहे. हे लॉर्नच्या कानावर गेल्यास माझी हरकत नाही.

सही : विनिफ्रेड हॅगर्ट
साक्षीदार : मर्ल पोग, इल्सा टॅनर
स्थळ : होडीघर, रोसो
दिनांक : १९ एप्रिल १९९६