वाकडा अंगठा

४ जून

चि. मुंगीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्याएवढा नाही. नात वकीलीण झाली हे मी न्हाव्यालासुद्धा सांगून झालं; आता तुला खरंच काम आणलंय.

साबणाची वडी अर्धी घट्ट झाली की मी तिच्यावर अंगठा दाबते, तुला ठाऊकच. गिऱ्हाईक कागद वाचत नाही, खळगा चाचपतं न् आजीचा साबण म्हणून घेतं. तर त्या मोठ्या कारखान्यानं तस्साच खळगा काढलाय! वर त्यांच्या वकिलाचं पत्र, की खळग्याचा ट्रेडमार्क आम्ही मागितलाय, तो मिळाला की तुम्ही अंगठा दाबायचा नाही. चोराच्या उलट्या बोंबा! त्यांचा माणूस मागे टोपलीभर साबण घेऊन गेला होता. भला वाटला, मी दोन वड्या वर दिल्या गं.

खळग्याशिवाय वडी मला बिनचेहऱ्याची वाटते. काहीतरी कर. माया आहे तशीच राहू दे, साबणासारखी झिजवू नकोस.

तुझी आजी

९ जून

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. चिन्ह आधीपासून जो वापरतो त्याचा हक्क मोठा, तेव्हा घाबरू नकोस. तो माणूस पुन्हा आला तर पाणी दे, वड्या नकोत.

ते म्हणतील, खळगा धरायला सोयीचा, कुणालाही सुचेल. पण तुझी न् त्यांची वडी शेजारी ठेवून पाहिली. दोन्ही खळगे डावीकडे झुकलेत. तुझा का झुकतो?

सुनावणीला तू यायचंस. नव्या चपला घालू नकोस, चावतील.

तुझ्या अंगठ्याएवढी,
मुंगी

१४ जून

चि. मुंगीस आशीर्वाद.

तुझी आई तान्ही असताना माझा अंगठा दारात चेंगरला, हाड वाकडंच जुळलं. चारचौघांत मी तो मुठीत लपवते. यात कसला आलाय कायदा?

आजी

२ ऑगस्ट

चि. मुंगीस आजीचे आशीर्वाद, आणि आज एक सलामसुद्धा.

तू तिथेच होतीस, मग लिहिते कशाला? अगं, तुला तू दिसली नाहीस. मला दिसलीस.

त्यांचा वकील ताडमाड, कोट करकरीत. म्हणाला, साबण निसटू नये म्हणून खळगा. तू आवाजही न चढवता विचारलंस, मग तो डावीकडे का कलतो? त्यानं कारखान्याच्या माणसाकडे पाहिलं, त्या माणसानं छताकडे. मग तू मला बोलावून त्यांच्या वडीत अंगठा ठेवायला लावलास. बाई बाई, म्यानात तलवार जावी तसा बसला! सुनावणी घेणारे साहेबसुद्धा खुर्चीतून उठून बघायला आले. साचा माझ्याच वडीवरून पाडलेला, हे मग सांगायची गरजच उरली नाही. त्यांचा अर्ज फेटाळला तेव्हा तू नाक पुसलंस. ते मी कुणाला सांगणार नाही, न्हावी सोडून.

आज सकाळी सगळ्या वड्यांवर अंगठा दाबला. तुझी आई म्हणाली, आता आपणही साचा करू, तुझे हात दुखतात. मी म्हटलं, दुखू देत.

सोबत एक वडी पाठवतेय. हात धुवायला वापरायची नाही, टेबलावर ठेवायची. कुणी घाबरलेलं दारात आलं, की आधी बसव, आणि खळग्यात अंगठा ठेवायला सांग.

अंगठा न लपवणारी,
तुझी आजी