निरशा दुधाची बाजू

ती. ताईस,

लांबूनच पायांवर डोकं ठेवतो (जवळ असतो तर तू टपली मारली असतीस). तुझा गुडघा जिना चढू देतो का? दाजींचा खोकला बसला असेलच. इकडे देवाच्या कृपेनं सगळे धडधाकट आहेत, फक्त माझी अब्रू जरा नरम आहे.

त्याचं असं झालं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी फर्मान काढलं, की एक तारखेपासून फाटकातून फक्त पिशवीचं दूध आत येईल. सुटं, निरसं दूध बंद. म्हणजे आमची गवळीणमावशी बंद. तिच्या दोन गाई, आणि गिऱ्हाइकं सगळी आमच्याच तीन इमारतींतली. आपल्याला आई किटली देऊन गोठ्यावर पाठवायची, आठवतं? वाटेत तू वरचा फेस खायचीस आणि त्याची मिशी माझ्या ओठांवर काढायचीस, म्हणजे मार मला. ही मावशीही माप भरल्यावर वर एक धार सोडते, न मागता. पिशवीला कसली आलीय वरची धार! आणि दूध तापवणं तर आपल्याच हातात आहे; उकळी आल्याशिवाय आई थेंब देत नसे. कुणाचं दूध घ्यायचं ते घरच्या माणसानं ठरवावं, फाटकानं नाही, हे मी सभेत सांगायचं ठरवलं.

सेक्रेटरी नुसत्या बोलण्यानं हलणारे नव्हेत, म्हणून पुरावा काढला: दोन सारखे पेले, एकात पिशवीचं दूध, एकात मावशीचं. दोन्ही दुधं ओट्यावर वेगवेगळी ठेवून मी पूजेला बसलो. निघताना तुझ्या भावजयीनं भरलेले पेले हातात दिले. सभेत सेक्रेटरींनी डोळे मिटून दोन्ही चाखली आणि म्हणाले, "डावीकडचं! काय चव आहे याला!" मी गहिवरून सांगितलं, की हीच ती गोठ्याची चव, हेच आपलं लहानपण. टाळ्या पडल्या. दाराशी उभ्या मावशीनं डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून आवाज आला, "अहो, पण मी दोन्ही एकाच पातेल्यात तापवली. ओट्यावर निरसं दूध दिसल्यावर माझा हात थांबतो का?"

(हिला खोटं बोलता येत नाही, हे माझ्यासाठी स्थळ बघताना तूच कौतुकानं सांगितलं होतंस.)

सभा इतकी हसली, की सेक्रेटरींनाही हसावं लागलं, आणि त्या भरात त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली. मावशी मला म्हणाली, "जाऊ द्या दादा, माझ्यासाठी बोललात तेवढं पुष्कळ."

तुझा धाकटा

ता. क. दाजी गुरांचे डॉक्टर आहेत, हे सभेत माझ्या तोंडून निघून गेलंय. गाई निरोगी, गोठा स्वच्छ, असा त्यांचा कागद मिळाला तर मावशी राहील. नीट तपासूनच लिहू देत. खोटा कागद नको. रविवारी त्यांना पाठव, तूही ये.

आणखी ता. क. शेजारी बसून पत्र वाचणारी म्हणते, सगळं लिहिलंत तर हेही लिहा. दहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझं दूध बंद केलंय. मी कोरा चहा पितो. तरी किटली घेऊन रोज मीच खाली जातो. ती वरची धार पडली की तू मागे उभी असल्यासारखं वाटतं, आणि मी घाईनं ओठ पुसतो.